शोकेसमधल्या मिगवरचा लाल ठिपका

*ताई, नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो. लढाऊ विमानांची मॉडेल्स जमवायचा मला कॉलेजपासून नाद आहे. बहुतेक 1:72 मापाची (खऱ्याच्या 72 पट लहान), काही धातूची तयार डायकास्ट, काही किट आणून स्वतः जोडलेली. हॉलमधल्या शोकेसमध्ये मिग-21 ची दोन (एक जुन्या एफएल प्रकारचं, एक नंतरच्या बिस प्रकारचं), मिग-27, जग्वार, मिराज, सुखोई, तेजस आणि जर्मन रंगातलं एक एफ-104 स्टारफायटर आहे. वडील ओझरच्या एचएएलमधून (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यातून) फिटर म्हणून रिटायर झाले, जवळपास सगळी नोकरी मिगवर गेली. मुलगा सातवीत आहे. गेल्या महिन्यात त्याने नेटवर वाचून प्रत्येक विमानाच्या स्टँडवर ठिपके चिकटवले. किती पडली त्यावरून लाल, पिवळा किंवा हिरवा. मिगला आणि स्टारफायटरला लाल, तेजसला हिरवा. मग जेवताना आजोबांना म्हणाला, "तुम्ही उडत्या शवपेट्या बनवायचात ना?" वडील काही बोलले नाहीत. तेव्हापासून ते संध्याकाळी हॉलमध्ये बसत नाहीत, बाल्कनीत बसतात. बायको म्हणते लाल ठिपक्याची विमानं विकून टाका. तिचा मावसभाऊ हवाई दलात ट्रेनिंगला आहे, तिला ती डोळ्यांसमोर नकोत. मी ठिपके काढू का? विमानं काढू का? मुलाला काय सांगू आणि वडिलांना काय सांगू? दिवाळीला एक नवीन मॉडेल घ्यायचंय, तेही सुचवा.*

विमानं विकू नका. ठिपकेही तुम्ही काढू नका. ज्याने लावलेत त्यानेच ते काढावेत, आणि तेही कुणी दटावलं म्हणून नव्हे, आपला हिशेब अपुरा होता हे त्याला स्वतःला दिसल्यावर. मुलगा फार वावगं वागला असं मला वाटत नाही. शोकेसपुढे उभं राहून "यातली किती पडली?" असं विचारणारा मुलगा "काय भारी दिसतं!" म्हणून चहाकडे वळणाऱ्या पाहुण्यापेक्षा विमानाच्या जास्त जवळ गेलेला असतो. फक्त त्याने पडलेली विमानं मोजली, उडालेली मोजली नाहीत. आणि शवपेटीचा प्रश्न ज्याला विचारला, त्या माणसाचे हात त्या विमानाला लागलेले आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा इलाजही वेगवेगळा करायला हवा.

आधी हिशेब. सुरुवात मिगपासून नको, तिथे घरातलं माणूस गुंतलंय. स्टारफायटर बाहेर काढा. पश्चिम जर्मनीने ही 916 विमानं घेतली. त्यातली 292 अपघातांत गेली आणि 116 वैमानिक मेले. तिथल्या लोकांनी या विमानाला 'बायकांना विधवा करणारं' असं नाव ठेवलं. मुलाने लाल ठिपका लावला तो यावरूनच असणार, आणि आकडे खरे आहेत. आता त्याला स्पेनचं सांगा. स्पेनने 1965 ते 1972 या काळात 21 स्टारफायटर उडवली आणि अपघातात एकही गमावलं नाही. मूळ विमान तेच. तेच सुरीसारखे पातळ पंख, तुमच्या मॉडेलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम नऊ सेंटिमीटर भरतील एवढे. मग स्टारफायटरला ठिपका कुठल्या रंगाचा? एवढं विचारा आणि उत्तर देऊ नका. दोन दिवस त्याला डोकं खाजवू दे.

तो परत आला की मग सांगा. हे विमान मुळात उंच, मोकळ्या आकाशात झपाट्याने चढून शत्रूचं विमान गाठण्यासाठी काढलेलं. स्पेनने ते तसंच वापरलं. हवा चांगली, वैमानिक मुरलेले, विमानं थोडी. जर्मनीने त्याच सांगाड्यावर जादा उपकरणं चढवली, बॉम्ब लटकवले आणि मध्य युरोपच्या ढगांत, धुक्यात, जमिनीलगत उडवलं. वैमानिक शिकून यायचे अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या लख्ख उन्हात आणि उडायचे जर्मनीच्या हिवाळ्यात. 1966 मध्ये योहानेस स्टाइनहॉफ हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी देखभाल आणि प्रशिक्षण कडक केलं, पुढे वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्चीही बदलली गेली, आणि अपघात कमी होत गेले. विमान तेच राहिलं, भोवतालचं बदललं. कॅनडानेही हे विमान जमिनीलगत हल्ल्यासाठी वापरलं आणि आपल्या ताफ्यातली जवळपास निम्मी विमानं गमावली. प्रमाणात पाहिलं तर हे नुकसान जर्मनीपेक्षा मोठं, पण बदनामीचा मोठा वाटा जर्मनीच्याच नावावर आहे.

मात्र स्पेनचं शून्य बघून त्याला हिरवा ठिपकाही लावू देऊ नका. एकवीस विमानं, सात वर्षं, निवडक हवा. पावसाळ्यात रोज रात्री कसारा घाट चढणारा ट्रक आणि रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणारी गाडी, यांच्यात कुठली कंपनी चांगली हे अपघात मोजून ठरवता येईल का?

म्हणून हवाई दलं नुसते अपघात मोजत नाहीत, उड्डाणाच्या तासांना भागतात. आपल्याकडे दर 10,000 तासांमागे किती, असा हिशेब ठेवतात. संरक्षण मंत्रालयाने संसदीय समितीला दिलेल्या माहितीप्रमाणे 2000 ते 2005 या काळात हा दर 0.93 होता, 2020 ते 2024 मध्ये 0.20 वर आला. मुलगा सातवीत आहे म्हणजे दशांश चिन्ह त्याला येतं. वहीत दोन्ही आकडे लिहून किती पटीने कमी झाला ते त्यालाच काढायला सांगा. हाच कागद तुमच्या पत्नीलाही दाखवा.

आता मिग. वडिलांचं मन राखायचं म्हणून आकडे झाकू नका, तो त्यांच्या कामाचा मान नव्हे. 2012 साली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं होतं. घेतलेल्या 872 मिग विमानांपैकी त्या वर्षीच्या 19 एप्रिलपर्यंत 482 अपघातांत गेली होती. 171 वैमानिक, 39 सामान्य नागरिक आणि इतर सेवांमधले 8 जण त्यांत मृत्युमुखी पडले. (हा आकडा मिगांचा एकत्र आहे, त्यावरून एकट्या एफएलची किंवा बिसची टक्केवारी काढत बसू नका.) त्यानंतरही अपघात झाले. मे 2023 मध्ये राजस्थानातल्या हनुमानगड जिल्ह्यात मिग-21 घरावर कोसळलं, वैमानिक वाचला, गावातल्या बायका मेल्या. मुलाने 'शवपेटी' हा शब्द कुठून तरी उचलला असला तरी त्याच्यामागे खरी दुःखं आहेत, हे त्याला समजायला हवं. तो शब्द मस्करीत वापरायचा नाही याचं कारण आजोबांना लागतं एवढंच नाही. ज्या घरांतली माणसं गेली त्यांच्यासाठी तो शब्द म्हणजे गंमत नव्हे.

पण मग एवढी का पडली? इथे जरा थांबा, खरं समजून घेण्यासारखं इथेच आहे. हे विमान 1963 मध्ये आपल्या हवाई दलात आलं आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं. बासष्ट वर्षं. आराखडा 1950 च्या दशकातला, एकच इंजिन, पोटात इंधन बेताचं, आणि त्रिकोणी पंखांमुळे उतरतानाही वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर. इंजिनाने दगा दिला किंवा त्यात पक्षी शिरला तर विचार करायला वैमानिकाला मोजके सेकंद मिळायचे. काढलं होतं उंचावरून येणारं शत्रूचं विमान अडवायला. आपण त्याला जमिनीवरच्या हल्ल्यालाही जुंपलं आणि वर नव्या पोरांना लढाऊ उड्डाण शिकवायलाही तेच वापरलं. किरण किंवा इस्क्रासारख्या संथ, समजूतदार विमानावर शिकलेला विशी-बाविशीतला मुलगा थेट मिगमध्ये बसायचा. मधली पायरीच नव्हती. ती पायरी हवी, वेगळं प्रगत प्रशिक्षण विमान घ्या, असं हवाई दलातल्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फोन्टेन समितीने 1982 मध्ये सांगितलं होतं. त्या पायरीसाठीच्या हॉक विमानांचा करार झाला 2004 मध्ये आणि ती हवाई दलात आली 2008 मध्ये. सव्वीस वर्षं! मिग-21 बद्दल मला राग येतो तो इथे, आणि तो राग ओझरच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या माणसावर नाही. विमान म्हणून ते कठीण होतं, हे खरंच. पण कठीण विमान अननुभवी हातांत दशकानुदशकं देत राहणं हा निर्णय होता, आणि तो फिटरने घेतलेला नव्हता.

याच विमानाची दुसरी बाजूही मुलाला सांगा. 12 डिसेंबर 1971 ला कच्छच्या आखातावर आपल्या मिग-21 एफएलने पाकिस्तानचं एफ-104 पाडलं. तुमच्या शोकेसमध्ये लाल ठिपका लावून शेजारी उभी आहेत ती हीच दोन विमानं. दोन दिवसांनी, 14 डिसेंबरला, ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली तीही मिग-21 नी.

सुखोई आणि तेजसचं थोडक्यात सांगते. सुखोईला 'शवपेटी' कोणी म्हणत नाही, आणि तरी आपल्या निफाड तालुक्यात दोन सुखोई पडलेली आहेत. 27 जून 2018 ला वावी-ठुशीला आणि 4 जून 2024 ला शिरसगावला, दोन्ही ओझरहून चाचणीसाठी उडालेली. चारही वैमानिक सुखरूप बाहेर पडले. चाचणी म्हणजे विमान हवाई दलाच्या हाती जाण्याआधी त्यात काय बिघडू शकतं ते शोधणं, त्यामुळे या अपघातांचं वजन वेगळं करायचं. आणि विमान जाणं वेगळं, माणूस जाणं वेगळं. तुमच्या मुलाच्या तीन रंगांत हा फरक कुठेच नाही. तेजसचं पहिलं उड्डाण जानेवारी 2001 चं, पहिला अपघात मार्च 2024 मध्ये जैसलमेरला. तेवीस वर्षांची कोरी पाटी, म्हणून हिरवा. पण या काळात तेजस विमानं किती होती आणि किती तास उडाली? 21 नोव्हेंबर 2025 ला दुबईच्या प्रदर्शनात दुसरं पडलं, त्यात वैमानिक गेला. त्याच्या महिनाभर आधी, 17 ऑक्टोबरला, ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1ए (तेजसची सुधारित आवृत्ती) आकाशात गेलं होतं. मोठ्या ताफ्यात, सगळ्या ऋतूंत, बरीच वर्षं उडाल्याशिवाय हिरवाही नाही आणि लालही नाही.

आता वडील. माझं बालपण ओझर टाउनशिपमध्ये गेलंय, त्या पिढीतली पुष्कळ माणसं मी जवळून पाहिली आहेत. 1963 मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, पाठोपाठ ओझरचा कारखाना उभा राहिला आणि गावाचं नावच लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' झालं. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला. ही माणसं घरी कामाबद्दल फार बोलत नसत. काही बंधनाची सवय म्हणून, काही स्वभाव म्हणून. पण पेपरात मिग पडल्याची बातमी आली की त्या दिवशी बसमध्ये कोणी मोठ्याने बोलायचं नाही. नंबर कुठला, ओव्हरहॉलला आपल्याकडे कधी आलं होतं, हे आधी मनात यायचं. तुमचे वडील गप्प बसले ते अपमान झाला म्हणून, की नातवाने नेमका तोच प्रश्न विचारला जो ते स्वतःला विचारत आलेत म्हणून, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्हीही ठरवून टाकू नका.

म्हणून "बाबा, तुमची काही चूक नव्हती" असं म्हणू नका. त्यांनी तसं विचारलेलं नाही, आणि असं आश्वासन दिलं की माणसाला आपल्यावर आरोप होता असंच वाटतं. मुलाला पुढे ढकलून "आजोबांच्या पाया पड आणि सॉरी म्हण" हेही नको. पोरगं शरमेल, आजोबा "असू दे रे" म्हणतील आणि पुन्हा बाल्कनीत जातील.

त्यांना काम द्या. खोटं नको, खरं आहे तेच. तुमच्याकडे एफएल आणि बिस दोन्ही आहेत ना? दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा आणि मुलाला फरक शोधू द्या. एफएलची पाठ सडपातळ, बिसची कॉकपिटमागून फुगलेली. नाकावरची वेग मोजायची लांब नळी एफएलवर बरोबर मधोमध, बिसवर किंचित उजवीकडे सरकलेली. एफएलमध्ये तोफ आत बसवलेलीच नव्हती, मग पोटाखाली वेगळं खोकं लटकवायचे. आणि पंखांच्या मागच्या भागापाशी अंगाभोवती गोल फिरणारी बारीक रेघ दिसते का बघा. बरेच जण ती नुसती नक्षी समजून रंगाने बुजवतात. खऱ्या विमानाची मागची बाजू तिथून सुटते, इंजिन बाहेर काढायला अख्खी शेपटी मागे ओढून घेतात. हे मी वाचून सांगतेय, तुमच्या वडिलांनी केलेलं असेल. मुलाला मॉडेल हातात घेऊन बाल्कनीत जाऊ द्या आणि एवढंच विचारू द्या, "आजोबा, ही रेघ बरोबर ठिकाणी आहे का?"

पुढे ते किती बोलतील ते त्यांच्यावर सोडा. बोलले तर मुलाला विचारू द्या की हत्यारं कशी मोजून घ्यायचे, एखादा पाना मिळाला नाही तर काय व्हायचं, केलेल्या कामावर सही कोण करायचं. विमानाची सुरक्षितता म्हणजे काय हे त्याला ठिपक्यांपेक्षा तिथे जास्त कळेल. एखाद्या अपघाताचं निघालं तर तुम्ही विषय बदलू नका. नाहीच बोलले तर मॉडेल त्यांच्यापाशी ठेवून मुलाने परत यावं, आणि पुन्हा मागे लागू नये.

पत्नीचं म्हणणं उडवून लावू नका. तिला विमानांचा राग नाही, तिला भाऊ दिसतो. तिला सांगा की तो ज्या वाटेने चाललाय ती मिगच्या पहिल्या पिढ्यांची वाट नव्हे. आता पिलाटस पीसी-7 वर सुरुवात, लढाऊ शाखा मिळाली तर पुढे हॉक, मग लढाऊ विमान. हवेतल्या कामात धोका शून्य नसतो, ते तिलाही ठाऊक आहे, तेव्हा खोटा दिलासा नको. एवढ्यानेही तिला ती विमानं समोर नको वाटली तर भाऊ ट्रेनिंगमधून बाहेर पडेपर्यंत शोकेस हॉलमधून आतल्या खोलीत न्या. विकण्यापेक्षा हे केव्हाही बरं. नेताना पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, उन्हाने मार्किंग पिवळी पडतात. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि मिग उचलताना अंगाला धरा, नाकावरची नळी पहिली मोडते.

ठिपक्यांच्या जागी काय, तर चिठ्ठी. प्रत्येक विमानापुढे चार-पाच ओळी, मजकूर मुलाचा, तपासणार आजोबा. नमुना म्हणून बिसची अशी होईल: "मिग-21 बिस, 'विक्रम'. बांधणी ओझर. मूळ काम शत्रूचं विमान अडवणं, आपण हल्ल्यासाठी आणि शिकवण्यासाठीही वापरलं. यातलीच काही सुधारून 'बायसन' झाली, ती 26 सप्टेंबर 2025 पर्यंत उडाली. अपघात बरेच झाले, वैमानिक आणि जमिनीवरची माणसंही गेली. आजोबांनी या विमानावर अमुक काम केलं." 'अमुक'ची जागा सध्या कोरी सोडा. स्टारफायटरच्या चिठ्ठीवर जर्मनी आणि स्पेन दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. तेजसच्या चिठ्ठीत तारखा पेन्सिलने लिहा, त्यात भर पडत राहणार आहे.

राहिली दिवाळीची खरेदी. यादी वाचताना माझ्या लक्षात आलं की तुमच्या शोकेसमध्ये सगळी लढाऊ विमानं आहेत, शिकवणारं एकही नाही. रफाल वगैरे पुढच्या वर्षी बघा. यंदा हॉक घ्या. एअरफिक्सचं 1:72 मधलं किट आहे, मुलालाही जोडता येईल, फक्त खोक्यात भारतीय हवाई दलाची मार्किंग आहेत का ते घेताना बघा. किरणचं किट कुठे मिळालं तर तेही सोडू नका. मग मांडणी बदला: डावीकडे किरण, मध्ये हॉक, उजवीकडे मिग-21. किरण मिळेपर्यंत तिची जागा मोकळी ठेवा आणि हॉकच्या चिठ्ठीवर तीन सालं लिहा: 1982, 2004, 2008.